रिचर्ड हॅमिंग: दोन शब्दांमधलं अंतर मोजणारा माणूस

सर्च बॉक्समध्ये तुम्ही घाईत 'कोल्हापुर' टाइप करता आणि समोर निमूटपणे 'कोल्हापूर'चे निकाल येतात. दुसरीकडे, बँकेच्या फॉर्मवर 'दिपक' आणि आधारवर 'दीपक' असलं की तीच हुशारी गायब होते आणि आपण प्रतिज्ञापत्राच्या रांगेत उभे राहतो. दोन्हींच्या मागे प्रश्न एकच आहे. दोन शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत, हे यंत्राला कळतं कसं?

खरं तर यंत्राला जवळचं-लांबचं असं काही कळत नाही. त्याला फक्त मोजता येतं. त्यामुळे कुणीतरी आधी शब्दांमधलं अंतर मोजायची पट्टी तयार करून द्यावी लागते. संगणकाच्या जगात जी पट्टी सगळ्यात आधी रुळली, तिला आजही हॅमिंग अंतर म्हणतात. इंजिनीअरिंगला असताना आपण हे नाव पाठ करतो, पाच मार्कांचा प्रश्न सोडवतो आणि पुढे जातो. त्या नावाचा माणूस मात्र बराच रंगीत होता. मजा म्हणजे शुद्धलेखनाशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

रिचर्ड वेस्ली हॅमिंगचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ चा, शिकागोचा. त्याला व्हायचं होतं इंजिनीअर. पण कॉलेजच्या वयात अमेरिकेत महामंदी होती, घरून खर्च झेपणारा नव्हता आणि शिष्यवृत्ती मिळाली ती एकट्या शिकागो विद्यापीठाची. तिथे इंजिनीअरिंगचा विभागच नव्हता! मग काय, गणित घेतलं. १९३७ मध्ये पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून मास्टर्स आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट, तीही डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये. त्याच वर्षी त्याने वांडा लिटलशी लग्न केलं. ती इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी होती. पुढे काही काळ तो केंटकीत लुइव्हिलला शिकवत होता.

एप्रिल १९४५ मध्ये तो लॉस अलामोसला पोचला. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर, हान्स बेथेच्या विभागात. बॉम्बचं भौतिकशास्त्र दुसरे लोक करत होते. हॅमिंगकडे आयबीएमची गणनयंत्रं चालती ठेवायचं काम होतं, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांनी समीकरणं द्यायची आणि याने ती यंत्रांतून काढून उत्तरं परत द्यायची. स्वतःला तो गमतीने संगणकांचा झाडूवाला म्हणायचा. थोड्याच दिवसांत वांडाही तिथे नोकरीला लागली. तिचं पद होतं 'कॉम्प्युटर', कारण तेव्हा हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठीही वापरत.

तिथला एक प्रसंग त्याने बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवला आहे. पहिल्या चाचणीच्या थोडं आधी एका सहकाऱ्याने त्याला काही आकडेमोड तपासायला दिली. याने ती सवयीप्रमाणे हाताखालच्या माणसाकडे सरकवायचं ठरवलं आणि सहज विचारलं, हे आहे कशाचं? उत्तर असं होतं की बॉम्बमुळे पृथ्वीचं सगळं वातावरण पेटण्याची शक्यता किती, त्याचं हे गणित आहे. मग त्याने ते स्वतःच तपासलं. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं, की बेरीज-गुणाकार बरोबर दिसतात, पण त्यात घातलेली ऑक्सिजन आणि नायट्रोजनची सूत्रं बरोबर आहेत की नाहीत ते मी सांगू शकत नाही. त्यावर समोरच्याने त्याला स्पष्ट सांगितलं की तुला आकडेमोड बघायला सांगितली आहे, भौतिकशास्त्र नाही. १६ जुलै १९४५ ला चाचणी झाली, वातावरण शाबूत राहिलं.

आकडेमोड बरोबर असणं आणि उत्तर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात असू द्या, शब्दांकडे आलो की तो पुन्हा लागणार आहे.

वाया गेलेले दोन वीकएंड

१९४६ मध्ये हॅमिंग बेल लॅब्जमध्ये आला. काही काळ त्याची आणि क्लॉड शॅननची खोली एकच होती. माहिती मोजायचं शास्त्र ज्याने उभं केलं तोच हा शॅनन. दोघंही तिशीच्या आसपासचे, वरिष्ठांना जरा डोईजड वाटणारे.

तिथे रिलेवर चालणारा एक अवाढव्य संगणक होता, मॉडेल पाच. त्यात सुमारे नऊ हजार रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके. त्यातल्या दोन-तीन रिलेंचा दिवसाला काहीतरी बिघाड व्हायचाच. ते यंत्र बनवणाऱ्यांनी एक चांगली सोय केली होती. प्रत्येक अंकासाठी ठरलेल्या संख्येइतकेच रिले चालू असायला हवेत, एखादा कमी-जास्त झाला की यंत्र लगेच ओळखायचं, इथे चूक आहे. दिवसा हे झालं की माणसं येऊन दुरुस्ती करायची. शनिवार-रविवारी तिथे कुणी नसायचं. मग यंत्र ते गणित सोडून रांगेतलं पुढचं काम हाती घ्यायचं.

हॅमिंगचा नंबर नेमका शनिवार-रविवारी लागायचा. १९४७ मध्ये लागोपाठ दोन आठवडे असं झालं, की सोमवारी येऊन बघतो तर याचं काम मध्येच टाकून दिलेलं, हातात काही नाही. तो वैतागला, आणि त्या वैतागातून त्याने नेमका प्रश्न विचारला. चूक झाली आहे हे यंत्राला कळतं, मग चूक कुठे झाली आहे हे का कळू नये? जागा कळली तर दुरुस्ती फुकटच आहे, कारण तिथे शून्य असेल तर एक करायचा आणि एक असेल तर शून्य.

उत्तर इतकं सुटसुटीत आहे की ते इथे करूनच बघू. चार बिट पाठवायचे आहेत, समजा १०११. हॅमिंग म्हणतो, सात जागा घ्या. १, २ आणि ४ या जागा राखीव ठेवा, आणि आपले चार बिट अनुक्रमे ३, ५, ६, ७ या जागांवर बसवा. आता राखीव जागा भरायच्या. पहिल्या जागेवर असा बिट ठेवा की १, ३, ५, ७ या जागांमधल्या एकांची संख्या सम होईल. दुसऱ्या जागेने २, ३, ६, ७ सांभाळायच्या, चौथीने ४, ५, ६, ७. शब्द तयार होतो ०११००११.

आता वाटेत सहावा बिट उलटला. पोचला ०११०००१. तिन्ही गट तपासा. पहिला बरोबर निघतो, दुसरा चुकतो, चौथा चुकतो. चुकलेल्यांची बेरीज करा, २ + ४ = ६. सहावी जागा! यंत्राने स्वतःच चुकीच्या जागेवर बोट ठेवलं. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा काहीतरी हातचलाखी वाटली होती. हातचलाखी वगैरे काही नाही, प्रत्येक जागेचा क्रमांक बायनरीत लिहिला की तो कोणकोणत्या गटात आहे तेच त्यात दिसतं.

ही युक्ती बाहेर यायला तीन वर्षं गेली. बेल लॅब्जच्या पेटंट विभागाचं समाधान होईपर्यंत लेख अडकून होता. मधल्या काळात शॅननने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात हे उदाहरण हॅमिंगच्या नावासकट दिलं. १९४९ मध्ये मार्सेल गोलेने त्या उदाहरणाच्या पुढची मजल मारून छापूनही टाकलं. हॅमिंगचा स्वतःचा लेख एप्रिल १९५० मध्ये आला.

पट्टी

त्या लेखात कोडइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट होती. हॅमिंगने सारख्या लांबीचे दोन शब्द एकाखाली एक लिहिले आणि किती जागांवर ते वेगळे आहेत ते मोजलं. तेच त्यांचं अंतर. एवढंच! पण त्याने दाखवून दिलं की हे अंतर खऱ्याखुऱ्या भूमितीतल्या अंतरासारखं वागतं. इथून तिथे जितकं, तितकंच तिथून इथे, आणि मध्ये तिसऱ्या गावाला वळसा घालून गेलं तर वाट कधीच कमी होत नाही.

त्यातून दुरुस्तीचा नियम निघतो. तुमच्या 'शब्दकोशातल्या' कुठल्याही दोन शब्दांमध्ये निदान २ इतकं अंतर असेल, तर एक चूक झाल्याचं कळतं. निदान ३ असेल, तर एक चूक दुरुस्त करता येते, कारण बिघडलेला शब्द मूळ शब्दापासून एकच पाऊल लांब असतो आणि बाकी सगळ्यांपासून दोन किंवा जास्त. वर आपण केलेला सात बिटांचा कोड नेमका तीन अंतराचा आहे. थोडक्यात, दुरुस्ती होते ती शब्द एकमेकांपासून आधीच लांब बसवलेले असतात म्हणून.

आणि हाच गुण माणसांच्या भाषेत नाही. आपल्या शब्दांमध्ये असं अंतर कुणी राखून ठेवलेलं नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, दोघांत एकाच वेलांटीचा फरक. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. एक चूक झाली की तुम्ही थेट दुसऱ्या खऱ्या शब्दावर जाऊन उभे राहता, आणि स्पेलचेकर बिचारा म्हणतो, सगळं ठीक आहे. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक.

नावांमध्ये तर हे फार टोचतं. 'सुनिल' आणि 'सुनील' यांच्यात अंतर १, माणूस एकच. 'रमेश' आणि 'उमेश' यांच्यातही अंतर १, माणसं दोन, आणि बहुतेक एकाच घरातली, एकाच आडनावाची. सातबाऱ्यावर 'दिनकर' आणि दुसऱ्या कागदावर 'दिनकरराव' असेल तर तीन अक्षरचिन्हं जास्त, तरी माणूस तोच. म्हणजे अंतर १ असेल तर एकच माणूस समजा, असा नियम कुणी सिस्टीममध्ये टाकला, तर तो दिनकररावांना बाहेर ठेवेल आणि रमेशच्या नावचं उमेशच्या खात्यात टाकेल. आमच्या कामात दोन याद्यांमधली नावं जुळवताना हा आकडा किती ठेवायचा यावर जेवढे वाद होतात तेवढे पगारवाढीवरही होत नसतील.

शिवाय मोजायचं काय, हाही प्रश्न आहेच. युनिकोडमध्ये पहिल्या वेलांटीचा क्रमांक हेक्समध्ये ०९३एफ आहे, दुसऱ्या वेलांटीचा ०९४० आणि पहिल्या उकाराचा ०९४१. हे आकडे बिटांत लिहून हॅमिंगची पट्टी लावा. 'दि' आणि 'दी' यांच्यात चक्क सात बिटांचा फरक येतो, आणि 'दी' आणि 'दु' यांच्यात फक्त एका बिटाचा! कानाला जे जुळं वाटतं ते बिटांत दूरचं, आणि कानाला वेगळं ते बिटांत शेजारचं. म्हणून शब्द जुळवताना बिट नाही, अक्षरचिन्हं मोजतात.

पट्टी तोकडी पडते तिथे

हॅमिंगची पट्टी सारख्या लांबीलाच चालते. रिलेमध्ये बिट उलटायचा, गळून पडायचा नाही, त्यामुळे त्याचं भागलं. टाइप करणारा माणूस मात्र अक्षर खातो, दोनदा मारतो, मागचं-पुढे करतो. १२३४५६७८ मधला पहिला अंक गळला आणि शेवटी ९ आला तर २३४५६७८९ होतं. हॅमिंगच्या हिशेबात आठही जागा वेगळ्या. आपण म्हणू, एक गेला, एक आला.

आयबीएमच्या फ्रेड डॅमराऊने १९६४ मध्ये दाखवलं की त्याने तपासलेल्या स्पेलिंगच्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या होत्या: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. १९६५ मध्ये मॉस्कोत व्लादिमीर लेवेनश्टाईनने बिट गळण्याचा आणि घुसण्याचाही हिशेब अंतरात धरला. त्यालाही स्पेलिंगशी देणंघेणं नव्हतं, तो हॅमिंगचंच काम पुढे नेत होता. आज 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असं विचारणाऱ्या बहुतेक सोयींच्या पोटात या दोघांचं अंतर कुठल्या ना कुठल्या रूपात असतं.

आवाजावरून जुळवण्याचा रस्ता याहून जुना आहे. रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये पेटंट घेतलेल्या साउंडेक्समध्ये आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करतात. हॅमिंग विद्यार्थी होता त्या दशकात अमेरिकन जनगणनेच्या जुन्या नोंदींची सूची याच पद्धतीने चालली होती. इंग्रजी आडनावांना ते बरं जमतं. आपल्या 'वाघ'ला नाही, कारण रोमनमध्ये कुणी ते डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने, आणि पहिलंच अक्षर बदललं की कोडही बदलला. उलट 'देशपांडे' आणि 'देशपाण्डे' कानाला एकच, पण लेवेनश्टाईनच्या मोजणीत अंतर २. म्हणजे रमेश-उमेशपेक्षाही लांब! म्हणून मराठी नावांना दोन्ही पट्ट्या लावाव्या लागतात, आणि त्याआधी अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळं एका साच्यात आणावं लागतं.

आता हॅमिंगच्या कोडमधली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. वरच्या उदाहरणात सहाव्या बिटाबरोबर तिसराही उलटला असता तर? पोचतं ०१००००१. पहिला गट चुकतो, दुसरा बरोबर, चौथा चुकतो. बेरीज ५. यंत्र बेधडक पाचवा बिट उलटतं आणि ०१०१ हे चार बिट हातात देतं. पाठवले होते १०११. चूक एकाऐवजी दोन असली तरी यंत्राचा आत्मविश्वास तसूभरही कमी होत नाही.

हॅमिंगला हे ठाऊक होतं आणि त्याच लेखात त्याने उपायही दिला. आठवा बिट जोडा, जो सगळ्यांची मिळून समसंख्या राखेल. आता अंतर ४ होतं. एक चूक असेल तर यंत्र दुरुस्त करतं. दोन असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता फक्त कळवतं की इथे बिघाड आहे, मला सांगता येणार नाही. माझ्या मते नावं जुळवणाऱ्या कुठल्याही सिस्टीममध्ये हा आठवा बिट असलाच पाहिजे. जुळलं आणि जुळलं नाही यांच्यामध्ये तिसरा खण, तिथली नावं माणसाने डोळ्यांनी बघायची. तो खण नसतो तेव्हा त्याचा खर्च काउंटरच्या अलीकडच्या माणसाला पडतो.

नंतरचा हॅमिंग

बेल लॅब्जमध्ये तो १९७६ पर्यंत राहिला. न्यूमरिकल मेथड्सवर लिहिलं, १९५८ ते १९६० एसीएम या संघटनेचा अध्यक्ष होता, १९६८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अंगात भडक चौकड्यांचा कोट आणि तोंड तितकंच मोकळं. जेवणाच्या सुट्टीत तो रसायनशास्त्रवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसायचा आणि त्यांना विचारायचा की तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते. काही दिवसांनी विचारायचा, तुम्ही त्यातल्या कशावर काम करताय? मग त्याला ते टेबल सोडावं लागलं. १९८६ मध्ये त्याने संशोधन कसं करावं यावर दिलेलं भाषण नेटवर अजून फिरत असतं. त्यातला उपदेश जरा जास्तच ठासून भरलेला आहे, पण तासभर काढून वाचण्यासारखा नक्की आहे.

बेल लॅब्ज सोडल्यावर तो कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवायला गेला आणि वीस वर्षं शिकवत राहिला. शेवटचं व्याख्यान डिसेंबर १९९७ मध्ये दिलं. ७ जानेवारी १९९८ ला, त्यानंतर काही आठवड्यांतच, हृदयविकाराने गेला.

त्याच्या नावाने आयईईई ही संस्था एक पदक देते. १९८८ मध्ये पहिलं पदक त्यालाच मिळालं होतं. २००६ मध्ये ते व्लादिमीर लेवेनश्टाईनला मिळालं.